शिरपूरचं संजीवन

आमच्या घरी पहाटे आधी आत्या उठायची, मग कोंबडा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांतच विधवा होऊन माहेरी आली आणि मिशननं तिला बायबलबाई नेमलं. हातात कापडी पिशवी, डोक्यावर काळी छत्री, आणि गावोगाव बायांना येशूच्या गोष्टी सांगत हिंडणं हे तिचं काम. त्यामुळे आवाज खणखणीत. अंथरुणात डोळे उघडायच्या आधीच ती गीत सुरू करी, आणि आम्हाला उठून बसून तिच्यामागे म्हणावं लागे. तिकडे माय जात्यावर बसलेली असायची. ती तेच गीत ओवीच्या चालीवर म्हणायची. दोघींची चाल जन्मात जुळली नाही आणि दोघींपैकी एकीनंही ती कधी बदलली नाही. बाबा बिचारे मधल्या खाटेवर बसून दोन्हीकडे मान हलवायचे. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते, दिवसभर पोरांवर ओरडायचे, पण घरात त्यांना ओरडायला जागाच उरलेली नव्हती.

शिरपूरच्या कडेला आमची पाच घरं होती, कवेलूंच्या छपरांची, एका रांगेत. समोर प्रार्थनाघर. आठवड्याचे सहा दिवस तीच शाळा. घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा बाभळीला टांगलेला होता, तो बाबा लोखंडी खिळ्यानं वाजवायचे. जैनांच्या देवळाकडे जाणारे यात्रेकरू आमच्याच अंगणावरून जायचे. बैलगाडीतून एखादी म्हातारी विचारायची, "धर्मशाळा कोठी हाय वं बाई?" आत्या तिला वाट सांगायची, तांब्याभर पाणी द्यायची, वर एक छापील पत्रिकाही हातात ठेवायची. म्हातारी त्या पत्रिकेत प्रसादाची साखर बांधून परत जायची. आत्याला ते ठाऊक होतं. "साखर बांधली तरी कागद घरात जाते न," म्हणायची.

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. अंबाडी तर काय विचारता! हिरवी असली की भाजी, बोंडं लाल झाली की चटणी, आणि वाळवलेल्या पाकळ्या गाडग्यात भरून वर्षभर. माझ्या आताच्या सुना म्हणतात, आई, किती आंबट खाता हो तुम्ही. मी म्हणते, तुमच्या जिभेला वऱ्हाड लागलेलंच नाही, तुम्ही बोलूच नका.

तर आता मुद्द्याचं. दर तीन महिन्यांनी आमच्याकडे पाळकसाहेब यायचे, आणि त्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे प्रभूच्या आठवणीनं भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. वऱ्हाडात द्राक्षं कुठली? मिशनच्या बंगल्यातून मनुकांची पुडी यायची. माय त्या रात्रभर भिजवायची, दुसऱ्या दिवशी उकळून, कुस्करून, धुतलेल्या धोतराच्या तुकड्यातून गाळायची आणि तो रस तपकिरी बाटलीत भरायची. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. मंडळीत, म्हणजे प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांत, मला अजून घेतलेलं नव्हतं, त्यामुळे मला त्या भोजनाला हात लावायची परवानगी नव्हती. पोरांसोबत चटईवर बसून बघायचं फक्त.

त्या भादव्यातल्या शनिवारी सगळ्या बाया प्रार्थनाघर सारवायला गेल्या. माय मला म्हणाली, "शेवंते, फडकं पिळून घे, बाटली भर अन् झाकण लाव." मी फडकं पिळलं. बोट चाटलं. अहाहा! गूळ आमच्या घरी आत्याच्या पेटीत कुलपात असायचा, आणि तो कुलपात कोणामुळे असायचा ते सांगायला नको. असल्या पोरीच्या बोटाला मनुकांचा रस लागला! मी अजून एकदा चाटलं. मग वाटीत ओतला. मग वाटी कशाला म्हणून बाटलीच तोंडाला लावली. पापाबद्दल लोक फार गंभीरपणे बोलतात, पण मी खरं सांगते, ते करताना मी नाचत होते. एका पायावर, चुलीभोवती. थांबले तेव्हा बाटलीत तळाला चार बोटं रस उरला होता.

मग मात्र तोंडचं पाणी पळालं. काय करू, काय करू? नजर गेली ती अंबाडीच्या गाडग्यावर. पाकळ्या उकळल्या की पाणी कसं लालभडक होतं! चुलीपाशी एक गंज, म्हणजे उभट पातेलं, पालथा होता, त्यात पाणी ठेवलं, मूठभर पाकळ्या टाकल्या, उकळी आली की गाळलं आणि बाटली काठोकाठ भरली. रंग असा झकास की मनुकांनी लाजावं. मला काय ठाऊक, की त्याच गंजात मायनं आदल्या दिवशी ठेच्यासाठी वाळल्या मिरच्या उकडल्या होत्या आणि गंज नुसता विसळून ठेवला होता!

पाळकसाहेब कोकणातले. अंगानं किडकिडीत, आवाज मऊ, मनानं फार चांगले. चार वर्षं ते आम्हाला पश्चात्तापावर उपदेश करत होते आणि चार वर्षांत आमच्या मंडळीतला एक डोळा ओला झाला नव्हता. वऱ्हाडी माणूस उपदेश ऐकतो, मान डोलावतो आणि घरी जाऊन जेवतो. त्या रविवारीही ते कळवळून सांगत होते की पापाबद्दल एक तरी अश्रू येऊ द्या. मग रिवाजाप्रमाणे त्यांनी आधी स्वतः प्याल्यातला घोट घेतला. घेतला आणि थांबले. डोळे भरले, नाक लाल झालं, तोंडातून शब्द फुटेना. त्यांना वाटलं, देव आधी मलाच हलवतो आहे. त्यांनी प्याला पुढे दिला. सायमनकाका हे मंडळीचे पंच, स्वतःच्या बायकोला माती देतानाही न रडलेला शेतकरी. त्यांनी मोठा घोट घेतला आणि उपरणं डोळ्यांना लावलं. माय रडली. बाबा रडले. आत्या खोकली आणि मग रडली. पाळकसाहेब तर गुडघ्यांवरच आले आणि ओरडले, "संजीवन! शिरपुरात संजीवन आलं!" आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळीला नवा जीव फुटला की त्याला संजीवन म्हणतात. चटईवर बसून मी ते बघत होते. पाच घरांची सगळी मोठी माणसं माझ्या मिरचीनं रडत होती, आणि साहेब त्याबद्दल देवाचे आभार मानत होते.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. खोट्या प्याल्यानं मी सगळ्या मंडळीला फसवलं होतं, देवालाही त्यात ओढलं होतं. शिवाय पुढच्या भोजनाला मला मंडळीत घेणार होते. बाबा रोज संध्याकाळी माझ्याकडून त्यासाठी धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घेत होते. मी कोणत्या तोंडानं त्या प्याल्याला हात लावणार होते?

वाट दाखवली चंपानं. चंपा माझी मैत्रीण, देवळाजवळच्या जैन दुकानदाराची मुलगी. त्यांच्या उपासांचे दिवस संपले की ती माणसं घरोघर जाऊन हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर माफ करा म्हणतात. ती आईसोबत आमच्याकडेही आली. तिनं मला हात जोडले आणि वर कानात म्हणाली, "ते तुही फुटकी पाटी म्याच फोडली होती." मी म्हटलं, अरे वा, ही रीत बरी आहे! दुसऱ्याच दिवशी वेणी घट्ट घातली, धुतलेलं लुगडं नेसले आणि पाचही घरांत माफी मागायला निघाले. पहिलं घर सायमनकाकांचं. मी दारातच हात जोडून रडत रडत सगळं सांगितलं. काका सुपारी कातरत होते. कातरता कातरता म्हणाले, "अवं पोट्टे, वऱ्हाडातल्या माणसाले अंबाडी ओळखू येत नाई का? जिभेले लागली तवाच समजलं. पण तिखट कमी होतं, हे सांगून ठेवतो." आणि हसले! असे हसले की अडकित्ता खाली पडला.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. सगळ्यांना पहिल्याच घोटाला कळलं होतं, आणि साहेबांना एवढा आनंद झालेला पाहून कुणाच्यानं सांगवलं नव्हतं. शेवटी घरी आले, तर माय भाकर थापत होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "गंज माहा, मिरच्या माह्या, अन् मले समजनार नाई? त्याच दिवशी माफ केलं तुले. जा, हात धू."

आता कुणालाही वाटेल की पोरगी सुटली, आनंदानं उडाली असेल. छे! मला भयंकर राग आला. एवढं मोठं पाप केलं, चार रात्री उशी भिजवली, आणि हे लोक हसतात? मला निदान एक सणसणीत थोबाडीत तरी हवी होती. फुकटची माफी माझ्या घशाखाली उतरेना. मग मीच माझी शिक्षा ठरवली. गूळ सोडला, जो मला तसाही मिळत नव्हता. चंपाच्या घरचं बघून सूर्य मावळल्यावर जेवणं सोडलं. शेजारच्या कुणबिणीसोबत चतुर्थी धरली. रमजानला अजून पुष्कळ अवकाश होता, तरी बांगडीवाल्याच्या जैबुनला विचारून एक आगाऊ रोजाही धरला. रोजाच्या दिवशी मावळल्यावर जेवायचं आणि चंपाच्या नियमानं मावळल्यावर जेवायचं नाही, तेव्हा त्या दिवशी जेवणाला वेळच सापडला नाही, आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेत चक्कर येऊन पडले. आत्यानं मला उचलून आणलं, कांदा हुंगवला आणि विचारलं, "मले येक सांग, तू हायेस तरी कोनत्या धर्मात?"

मी म्हटलं, "मी पापी हाय, आत्या."

"ते तर आमी सारेच हावो. तुह्यात काय येगळं हाय?"

"माहं पाप लय मोठं हाय."

"लय मोठं!" आत्या उसळली. "अर्धी बाटली मनुका! ज्यानं साऱ्या जगाचं पाप अंगावर घेतलं, त्याले तुही अर्धी बाटली जड झाली का वं? काय गमज्या लावल्या हायेत पोट्टीनं!"

मला पटलं नाही. मी उपास चोरून करायला लागले. हेकटपणा आमच्या घराण्यातच आहे, आणि मी तो आजवर नीट सांभाळला आहे. बाबांनी एकदा शांतपणे विचारलं, "देवानं माफ केलं, आमी केलं. आता तू त्याच्याहून मोठी होऊन बसली काय?" मी तोंड फिरवलं. मनात म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

असे तीन महिने गेले. पुन्हा भोजन आलं. रविवारी मला मंडळीत घ्यायचं होतं, आणि मी ठरवून टाकलं होतं की प्याला समोर आला की मान खाली घालायची, तोंड मिटायचं, आणि घेणार नाही म्हणायचं. आयुष्यभर चटईवर बसेन, पण तो प्याला माझा नाही. शनिवारी सकाळी मायनं भिजलेल्या मनुकांचं पातेलं माझ्यापुढे ठेवलं, कोरं फडकं ठेवलं, धुतलेली बाटली ठेवली आणि सारवायला निघाली.

मी किंचाळलेच. "माय! मले नको! चंपीले बोलाव, कोनालेबी बोलाव!"

"काहून?"

"माहा भरोसा नाई."

"माहा हाय न," माय म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून चालती झाली.

मी पातेल्यापुढे दोन मिनिटं बसले आणि पळत सुटले. थेट सायमनकाकांच्या शेतात. तिथं पाळकसाहेबांसाठी हुरडा होता. गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजली जात होती, काका गरम कणसं तळहातावर चोळून दाणे साहेबांपुढे टाकत होते, आणि साहेब बोटं भाजत, फुंकत, "हाय हाय" करत, चटणीला लावून खात होते. नाकाला काजळी लागलेली. मी धापा टाकत गेले आणि सगळ्यांसमोर बोलून मोकळी झाले. बाटली, अंबाडी, मिरच्यांचा गंज, सगळं. "ते संजीवन नव्हतं, साहेब. ठेचा होता."

साहेबांचा हात तोंडाशीच थांबला. काका दुसरीकडे बघायला लागले. साहेबांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं! तीन महिने ते गावोगाव शिरपूरची साक्ष सांगत फिरले होते. त्यांनी हातातले दाणे खाली ठेवले. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "शेवंता, मलाही तुझ्याजवळ एक कबूल करायचं आहे. मी मिशनच्या मासिकात लिहून पाठवलं. इथं त्या दिवशी किती माणसं होती?"

"अकरा, साहेब."

"मी चाळीस लिहिली." ते एवढेसे झाले होते. "आणि एक आंधळा बघायला लागला असंही लिहिणार होतो, पण तेवढं खोडलं. तीन महिने मला झोप नाही, पोरी. मला माफ करशील?"

"त्यात काय, साहेब!" मी पटकन म्हटलं. "जाऊ द्या! एवढा आनंद झाला होता तुमाले, लिवलं थोडं जास्त. केलं माफ!"

"इतक्या लवकर?"

"मंग काय उपास करायले लावू तुमाले?"

हे माझ्याच तोंडून निघालं, आणि माझंच मला ऐकू आलं. साहेब माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. अकराची चाळीस माणसं करणाऱ्या पाळकाला मी डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडून दिलं होतं, त्याच्या तोंडावरची ती लाज बघवली नाही म्हणून. माझ्यासारख्या हेकट, गूळचोर पोरीला जर एवढी दया येत होती, तर देव काय माझ्यापेक्षा कद्रू होता? तो तीन महिने माफी हातात घेऊन उभा होता, आणि मी त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवून आत उपास करत बसले होते! मला आधी रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. साहेबही हसायला लागले. काका तर आधीपासून उपरण्यात तोंड घालून हसत होते. मी मूठभर हुरडा तोंडात कोंबला. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला अन्नाची चव लागली, आणि मी आठ कणसं खाल्ली.

घरी पळत आले. पातेलं जसंच्या तसं होतं. मायनं परत येऊनही त्याला हात लावला नव्हता, नुसती ओसरीवर पाय पसरून बसली होती. मी मनुका उकळल्या, कुस्करल्या, गाळल्या, बाटली काठोकाठ भरली. बोटाला रस लागला होता, तो लुगड्याला पुसला. मग मायकडे बघितलं आणि पोटभर हसले. आज लिहितानाही हसते आहे. माझा नातू आतून विचारतो, आजी, काय झालं? काय सांगू त्याला?

रविवारी बाबांनी रूळ वाजवला तो जरा जास्तच वेळ वाजवला. मी पांढरं लुगडं नेसून पहिल्यांदा मोठ्या माणसांच्या रांगेत बसले, सगळ्यांच्या पुढे, कारण त्या दिवशी नवी मीच होते. प्रश्नोत्तरं झाली, एकही चुकले नाही. साहेबांनी आधी स्वतः घोट घेतला. घेताना त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले, ते फक्त मी बघितलं. मग ते माझ्यासमोर आले. प्याला देताना पाळक जे म्हणतात, त्यात तुझ्यासाठी असा एक शब्द येतो. तो मी शेकडो वेळा ऐकला होता, मायसाठी, बाबांसाठी, काकांसाठी. त्या दिवशी तो माझं नाव घेऊन आला. शेवंता, तुझ्यासाठी.

मी दोन्ही हातांनी प्याला धरला. एकच घोट घ्यायचा असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं, बाबांनी दहादा बजावलं होतं. पण ओठाला तो गोडवा लागला आणि मला थांबताच आलं नाही. मी पीत राहिले, पीत राहिले, तळ दिसेपर्यंत प्यायले, आणि रिकामा प्याला साहेबांच्या हातात परत दिला. साहेब प्याल्यात बघत उभे राहिले. मागे अजून अख्खी मंडळी बसलेली. बाबांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागच्या रांगेतून मायचा आवाज आला.

"पिऊ द्या तिले, साहेब. बाटलीत लय हाय."